सरकारी नोकरीसाठी भाट गहाण ठेवावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका आईने लिहिले आहे की त्यांचा मुलगा बी. कॉम. झालेला, वय २९, गेली सात वर्षे सरकारी जागांचे अर्ज भरतो आहे. वडिलांचा टिप्पर खाणीवर चालत असे. खाणी बंद पडल्यावर तो विकावा लागला. आता ओळखीतला एक जण म्हणतो की बारा लाख रुपये दिले तर एका खात्यात कारकुनाची जागा ‘करून देतो’. काजूचे भाट, म्हणजे काजूची बाग, गहाण टाकायचे, दागिने मोडायचे आणि कमी पडतील ते पैसे महिला गटातून उचलायचे, असे घरात जवळजवळ ठरले आहे. मुलगा अलीकडे कोणाशी फारसा बोलत नाही. पत्राच्या शेवटी ओझरते येते की धाकटी मुलगी कुंडईला औषधांच्या कारखान्यात कंत्राटी कामाला जाते आणि ‘सध्या तिच्यावरच भागते’. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की पैसे द्यावेत की नाही.

ताई, पैसे देऊ नका. हे मी नीतीच्या उंचवट्यावर उभी राहून सांगत नाही. सव्वीस वर्षे सत्तरी आणि डिचोलीत महिला गट आणि तरुणांच्या रोजगाराचे काम करताना अशी घरे मी आतून पाहिली आहेत, म्हणून सांगते. तुमच्या पत्रात मात्र एका प्रश्नाच्या पोटात तीन-चार प्रश्न आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा तुम्ही विचारलेलाच नाही. तेव्हा उत्तर थोडे लांबेल.

आधी त्या माणसाविषयी. २०२४ साली गोव्यात पैसे घेऊन सरकारी नोकरी मिळवून देण्याच्या आमिषाची प्रकरणे एकामागून एक बाहेर आली, तक्रारी झाल्या, अटका झाल्या. त्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील, आणि तरी प्रत्येक घराला वाटते की आपला माणूस तसला नाही. हा व्यवहार कसा चालतो ते समजून घ्या. मध्यस्थ दहा घरांकडून पैसे घेतो. त्या दहांतला एखादा मुलगा स्वतःच्या अभ्यासाने निवडला जातो. त्याच्या घरी पेढे वाटले जातात आणि ‘त्याने करून दिले’ अशी ख्याती गावभर होते. उरलेल्या नऊ जणांना ‘फाइल वर गेली आहे’, ‘पुढच्या भरतीत नक्की’ असे सांगत दोन-तीन वर्षे काढली जातात. ना पावती, ना कागद, ना साक्षीदार. तक्रार करायची म्हटले तर पैसे कशासाठी दिले होते, हे आपल्यालाच आधी सांगावे लागते. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणे हाही गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कोणी जबरदस्तीने लाच घेतली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. स्वखुशीने, जागेच्या आशेने दिलेल्या पैशाला ते लागू पडत नाही.

शिवाय ज्या जागेसाठी हे चालले आहे ती कारकुनाची जागा ‘क’ गटातली. या गटाच्या भरतीसाठी २०१९ च्या कायद्याने गोवा कर्मचारी निवड आयोग स्थापन झाला आहे आणि परीक्षा संगणकावर होते. ही व्यवस्था निर्दोष आहे असा माझा दावा नाही. पण परीक्षेत मिळालेले गुण विकत देण्याची ताकद चहाच्या टेबलावर बारा लाख मागणाऱ्या माणसाच्या हातात असेल, असे मानायला मला काहीही आधार दिसत नाही.

आता भाटाविषयी, आणि हे नीट वाचा, कारण इथे तुमच्या हातात तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते आणि तीत तुमचा निम्मा वाटा असतो. स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची तर दोघांची संमती लागते. म्हणजे तुमची सही हा केवळ उपचार नाही. ती नसेल तर व्यवहार उभाच राहत नाही. मुलगा आणि मुलगी यांचा वारसाहक्कही समान आहे. आईवडिलांना मृत्युपत्राने आपल्या मर्जीप्रमाणे जास्तीत जास्त निम्म्या मालमत्तेची व्यवस्था लावता येते. उरलेला निम्मा भाग मुलांसाठी राखीव राहतो. मुलीला तुमच्या हयातीत हक्क सांगता येत नाही हे खरे, पण जे भाट मुलाच्या नावाने पणाला लागते आहे ते पुढे तिचेही होणार आहे, हे घरात कोणी उच्चारले आहे का?

काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटातल्या बाईंनी मला एक कागद दाखवायला आणला. सहा पानांचा मसुदा होता, शेवटचे पान असे दुमडलेले होते की सहीची रेघ तेवढी दिसावी, आणि त्या रेघेसमोर पेन्सिलीने बारीक फुली मारलेली. ‘इथे करा’ एवढेच त्यांना सांगण्यात आले होते. आम्ही व्हरांड्यात बसून ती पाने एकेक उलगडून वाचली. भाट गहाण नव्हते, विक्रीचा करार होता. त्यांनी सही केली नाही. घरात महिनाभर अबोला राहिला, पण भाट राहिले, आणि आज त्यांची सून त्याच काजूच्या बिया विकून मुलांची फी भरते. तुम्हीही दुमडलेल्या कागदावर सही करू नका. आधी मामलेदार कचेरीतून किंवा ऑनलाइन एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, काढा आणि कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचे नाव आहे, कुळाच्या रकान्यात कोणाचे आहे, इतर हक्कांत काय लिहिले आहे ते पाहा. सत्तरीत पुष्कळ जमिनी अजून आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेली जमीन) किंवा मोकाशाच्या (जहागिरीसारख्या जुन्या हक्काच्या) गुंत्यात आहेत. आजोबांच्या काळापासून काजू आपणच वेचतो, पण उताऱ्यावर नाव भलत्याचेच, असे कितीदा तरी निघते. तसे असेल तर बँक त्या जमिनीवर कर्ज देणार नाही, आणि जो सावकार देईल तो कशाच्या भरवशावर देतो आहे, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा.

गटाच्या कर्जाचे दोन शब्दांत सांगते: ते यासाठी उचलू नका. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाखाली गटाला तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्क्यांनी आणि तारणाशिवाय मिळते, कारण दहा-बारा बायका एकमेकींच्या शब्दाला जामीन असतात. तुमचा हप्ता चुकला की शेजारणीच्या मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेले कर्ज अडते. एका नोकरीच्या आशेपायी उत्तम चाललेला, पंधरा वर्षांचा गट मोडलेला मी पाहिला आहे. त्या बायका आजही देवळात एकमेकींच्या बाजूला बसत नाहीत.

हे झाले तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. आता न विचारलेल्याकडे येते.

तुमचा मुलगा आळशी नाही. हे मी त्याला न भेटता म्हणते आहे, कारण त्याच्या वयाचे हिशेब मी मांडून पाहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याआधी गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज जात होते. होंडा, पिसुर्ले, पाळी, वेळगे या पट्ट्यात रात्रंदिवस ट्रकांची रांग हलत असे आणि तुमच्या दारातही एक टिप्पर उभा होता. दोन वर्षांत त्या टिप्परच्या चाकांखाली गवत उगवले. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, लोकांनी पुन्हा कर्जे काढून गाड्या दुरुस्त केल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चमध्ये सगळे पुन्हा ठप्प झाले. त्या मार्चमध्ये तुमचा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडत होता. न्यायालयाने जे म्हटले त्याला कारणे होती. बेकायदा उपसा झाला होता, शेते आणि झरे गाळाने भरले होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण सोळाव्या आणि बाविसाव्या वर्षी दोनदा ज्याने बापाचा धंदा एका आदेशाने बुडताना पाहिला, त्याने त्याच काळात शेजारच्या शिक्षकाच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येतानाही पाहिला. त्यातून त्याने जो धडा घेतला तो तुम्ही आणि मीही त्या वयात घेतला असता.

आकडेही त्याच्या बाजूने बोलतात. कनिष्ठ कारकुनाचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होते; त्यावर निम्म्याहून अधिक महागाई भत्ता, घरभाडे, रजा, आणि नोकरी जाण्याचे भय नाही. कुंडईला किंवा वेर्ण्याला कंत्राटदाराकडे लागलेल्या पदवीधराला याच्या जवळपासही सुरुवात मिळत नाही आणि अकरा महिन्यांनी पुन्हा नवे कागद करावे लागतात. सरकारी जागा असलेल्या मुलाकडे सोयरीक चालत येते, नसलेल्याच्या दारात कोणी थांबत नाही. एवढा मोठा फरक समोर असताना वाट पाहणे मूर्खपणाचे ठरत नाही.

पण ही वाट पाहायला घरात काहीतरी शिल्लक असावे लागते, आणि गोव्याची गाठ नेमकी इथे आहे. दरडोई उत्पन्नात आपले राज्य देशात अगदी वरच्या ओळीत असते आणि बेरोजगारीतही. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ साली देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. गोव्याचा त्याच्या दुपटीहून बराच जास्त. बाहेरचा माणूस चक्रावतो की श्रीमंत राज्यात बेकार अधिक कसे. उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आणि आपल्या घरांत, दोन्हीकडे आहे. वर्षभरात महिनाभर जरी कोणी काही काम केले, घरच्या शेतात बिनपगारी राबला, तरी तो त्या मोजणीत कामात धरला जातो. ज्याच्या घरात उद्याचे तांदूळ नाहीत तो पदवीधर असला तरी मिळेल ते उचलतो आणि बेकारांच्या यादीतून बाहेर पडतो. आपल्याकडे स्वतःचे घर आहे, थोडे भाट आहे, कोणाचे पेन्शन आहे, कोणी भाऊ आखातात किंवा बोटीवर आहे. त्या जोरावर मुलगा थांबू शकतो. आणि त्याच गावात बांधकामावर, ट्रॉलरवर, हॉटेलच्या स्वयंपाकघरात झारखंड, ओडिशा, कर्नाटक आणि नेपाळहून आलेली मुले काम करतात. ‘त्यांनी आमची कामे घेतली’ असे म्हणणे सोपे आहे. मला ते खरे वाटत नाही. ती कामे आपल्या मुलांनी ज्या अटींवर करावीत अशी आपलीच इच्छा नाही, त्या अटींवर ती मुले करतात, कारण त्यांच्यामागे भाट नाही.

देशभराचे चित्रही याच दिशेचे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार, २०२२ साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेरोजगारी ३.४ टक्के होती आणि पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. आपण मुलांना शिकवले, ते बरोबरच केले; पण शिकलेल्याला साजेशी कामे त्या वेगाने उभी राहिली नाहीत, आणि त्याचा दोष प्रत्येक घर आपापल्या मुलाच्या माथी मारत बसले.

यात गोव्याची आणखी एक खास बाब आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. आपल्याकडे सरकारी नोकरीची कमाल वयोमर्यादा ४५ वर्षे आहे. ती सद्‌हेतूने वाढवली गेली आणि उशिरा शिकलेल्या पुष्कळ बायकांना तिचा खरोखर उपयोग झाला. पण त्यामुळे वाट पाहण्याला शेवटच राहिला नाही. पूर्वी दार लवकर बंद होई, चार दिवस रडून मुलगा दुसरीकडे वळे. आज एकोणतीस वर्षांच्या मुलाला कायद्याने अजून सोळा वर्षे आशा आहे. ही सोळा वर्षे कोण पोसणार, हा हिशेब मला कोणत्याच घरात मांडलेला दिसला नाही.

तो मी मांडते, कारण तुमच्या पत्रात तो आहे. तुम्ही पहाटे उठता, कारण मुलगी साडेपाचच्या बसने कुंडईला जाते. तुम्ही काजूच्या दिवसांत भाटात वाकून बिया वेचता. मुलगी पगार आणून हातात देते. म्हणजे सात वर्षांच्या प्रतीक्षेचा खर्च दोन बायका भरत आहेत, आणि बारा लाखांची सोय करतानाही मोडायचे आहेत ते तुमचे दागिने आणि काढायचे आहे ते तुमच्या गटाचे कर्ज. मुलीच्या लग्नासाठी, तिच्या पुढच्या शिक्षणासाठी, किंवा तिला कंत्राटातून कायम कामात जायला लागणाऱ्या एखाद्या अभ्यासक्रमासाठी पैशाचा विषय निघाला होता का? ती पंचवीस वर्षांची आहे, गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर काम करते असे तुम्ही लिहिता. औषधनिर्मिती हा गोव्यातला मोठा, टिकलेला उद्योग आहे आणि त्या टेबलावर तीन-चार वर्षे काढलेल्या हाताला किंमत आहे. रसायनशास्त्राची पदवी अर्धवट राहिली असेल तर ती पूर्ण करण्यावर केलेला खर्च तुमच्या घरातला सर्वांत कमी जोखमीचा ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात आधीच एक कमावणारे, शिकणारे माणूस आहे आणि सगळ्यांची नजर दुसरीकडे लागली आहे, हे पत्र वाचताना मला सर्वांत जास्त टोचले.

मुलाचे काय करायचे? त्याला सरकारी नोकरीचे स्वप्न सोड असे सांगू नका. सात वर्षे जपलेली गोष्ट एका संध्याकाळी हातातून काढून घेतली तर माणूस मोडतो. त्याऐवजी तिला तारीख द्या. पुढच्या दोन भरती किंवा एकतिसावा वाढदिवस, जे आधी येईल ते. तोवर रोज दोन तास अभ्यास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर. कोकणी, इंग्रजी, सामान्यज्ञान आणि संगणक. उरलेला दिवस कामाचा. आज तो दिवसभर अभ्यासाला मोकळा असतो आणि म्हणूनच अभ्यास होत नाही, हे मी किमान चाळीस-पन्नास मुलांत पाहिले आहे. कामाला लागलेली मुले परीक्षेत मागे पडत नाहीत. उलट त्यांची झोप सुधारते आणि पुस्तकासमोर ती टिकून बसतात.

काम कोणते? तो बी. कॉम. आहे. वाळपई, साखळी, डिचोलीत हिशेब नीट ठेवणाऱ्या मुलांची टंचाई आहे. जीएसटी आल्यापासून लहान कंत्राटदार, हार्डवेअरवाले, होम-स्टे चालवणारे, दूध सोसायट्या, यांतल्या पुष्कळांना वेळोवेळी विवरणे भरावी लागतात आणि टॅली येणारा, वेळेवर येणारा, कागद न हरवणारा मुलगा त्यांना मिळत नाही. एखाद्या लेखापालाच्या कचेरीत वर्षभर, पगार थोडका असला तरी, त्याने काढावे. पदवीतले जे विसरले आहे ते तीन महिन्यांत परत येईल. वर्षाने चार-पाच दुकानांचे हिशेब तो स्वतंत्र पाहू शकेल, आणि उद्या सरकारी लेखा विभागाची जागा निघाली तर हा अनुभव तिथेही वाया जाणार नाही. ‘लोक काय म्हणतील’ हा अडथळा खरा आहे. पदवीधर मुलगा दुकानाच्या मागच्या खोलीत बसतो हे पहिले दोन महिने बोलले जाईल. नंतर तेच लोक विवरण भरायला त्याच्याकडे येतील. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, असे झालेले आहे.

धंदा काढायचे मनात असेल तर मात्र घाई करू नका. मुद्रा, मुख्यमंत्री रोजगार योजना, अन्नप्रक्रियेसाठी ३५ टक्के अनुदानाची केंद्राची योजना, सगळ्या आहेत आणि त्यांचे अर्ज भरायला लोक मदतही करतात. पण योजनेतून यंत्र मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही. मी स्वतः उमेदीच्या काळात एकाच बाजारपेठेतल्या नऊ गटांना पापडाकडे वळवले होते. यंत्रे आली, उद्घाटने झाली, आणि पावसाळा संपेपर्यंत नऊ गट एकमेकींचे भाव पाडून पापड विकत होते. त्यांतले एक यंत्र अजूनही एका देवळाच्या सभागृहात ताडपत्रीखाली आहे आणि तिथे गेले की मी ते पाहते. चूक त्या बायकांची नव्हती, माझी होती. विकणार कोणाला, हे न विचारता मी त्यांना कर्जात घातले. तेव्हापासून मी आधी गिऱ्हाईक दाखवा म्हणते.

तुमच्याकडे गिऱ्हाईक असलेली एक वस्तू आहे, आणि तीच तुम्ही गहाण टाकायला निघाला आहात. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आफ्रिकेतून आणलेल्या बियांचा गर गोव्याचा म्हणून पर्यटकांना विकला जातो, ही तक्रार त्यामागे होती. याचा अर्थ खऱ्या गोव्याच्या काजूला जास्त पैसे देणारा माणूस बाजारात आहे. आज तुम्ही बिया ओल्या-सुक्या, लहान-मोठ्या एकत्र पोत्यात भरून दारात आलेल्याला देता, असे धरून चालते, कारण सत्तरीत बहुतेक जण तसेच करतात. चार किलो बियांतून साधारण एक किलो गर निघतो. पुढच्या हंगामात सगळ्याच नव्हे, फक्त पन्नास किलो बिया नीट वाळवून, निवडून, जवळच्या सोलणाऱ्या बाईंकडून फोडून घ्या आणि त्याचा खर्च, मजुरी, फुटीचे प्रमाण, विक्री, सगळे मुलाला वहीत लिहायला सांगा. बोंडू दारूच्या भट्टीवाल्याला कोणत्या दराने जातो आणि पावणीत, म्हणजे लिलावात, त्याने तो पट्टा कितीला घेतला, हेही त्याने विचारून लिहावे. पन्नास किलोत कोणी श्रीमंत होत नाही. पण भाट आज किती देते आणि किती देऊ शकते, हे तुमच्या घरात पहिल्यांदा कागदावर येईल. झाडे सासऱ्यांच्या काळातली, तीस वर्षांच्या पलीकडची असतील तर उत्पादन घटलेलेच असणार. एका कोपऱ्यातली जुनी झाडे काढून वेंगुर्ल्याची किंवा बाळ्ळीची कलमे लावली तर तिसऱ्या वर्षापासून फळ दिसू लागते. कृषी खात्याच्या वाळपईच्या विभागीय कचेरीत चौकशी केली तर कलमांची आणि अनुदानाची माहिती मिळेल.

आणखी एक गोष्ट, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. मुलगा बोलत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तो रात्री झोपतो का, जेवतो का, दारू वाढली आहे का, ‘माझा काही उपयोग नाही’ अशा अर्थाचे काही बोलला आहे का, हे पाहा. बोलला असेल तर थांबू नका. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो आणि पैसे पडत नाहीत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. बारा लाखांचा भार आपल्या नावावर घरावर पडणार आहे हे त्यालाही कळते आहे, आणि तो गप्प आहे याचे एक कारण कदाचित तेच असेल. त्याला कोणी विचारले आहे का, की तुला हे पैसे द्यायला हवे आहेत का?

त्याच्या वडिलांनाही या बोलण्यातून वगळू नका. टिप्पर विकल्यापासून मुलाची नोकरी हीच त्यांची राहिलेली एक उमेद असणार, आणि मध्यस्थाशी बोलणी तेच करत असतील, तर ‘तुम्ही फसाल’ असे म्हटल्याने ते आणखी हट्टाला पेटतील. त्यांना हिशेबाने विचारा. बारा लाखांवर सावकाराचे व्याज महिन्याला किती, पहिला पगार येईपर्यंत ते कोण भरणार, आणि जागा झाली नाही तर कोणाच्या दारात जायचे. ज्या माणसाने ट्रकाचे हप्ते फेडले आहेत त्याला हे गणित येते.

या रविवारी मुलगी सुट्टीवर असेल. जेवणे झाली की चौघांनी बसा. एक-चौदाचा उतारा, गटाचे पासबुक आणि मुलीच्या पगाराची पावती टेबलावर ठेवा, आणि वही मुलाच्या हातात द्या. पहिले बोलायला मुलीला सांगा.